धून स्वदेशी, वादक कंत्राटी

दरवर्षी २९ जानेवारीला सूर्यास्ताच्या सुमारास दिल्लीच्या विजय चौकात लष्करी वाद्यवृंद उतरतात आणि प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्याची सांगता होते. २०२२ साली या समारंभातून ‘अबाइड विथ मी’ या ख्रिस्ती प्रार्थनागीताची धून वगळण्यात आली व ‘ऐ मेरे वतन के लोगो’ला स्थान मिळाले. साम्राज्यशाहीचा एक अवशेष पुसला गेला, अशा थाटात सत्ताधाऱ्यांनी त्याचे स्वागत केले. ते प्रार्थनागीत गांधीजींच्या आवडीचे होते, ही अडचणीची गोष्ट त्यांनी बाजूला सारली. विरोधकांनीही धुनीवरच वाद घातला. ती वाजविणाऱ्याची विचारपूस मात्र दोन्ही बाजूंपैकी कोणालाच सुचली नाही.

सी. रामचंद्रांची चाल १९६२ च्या युद्धात पडलेल्या जवानांच्या स्मृतीशी निगडित आहे. ती जवानांनी वाजवावी यात गैर काहीच नाही. परंतु ज्या वर्षीच्या जानेवारीत धून स्वदेशी झाली, त्याच वर्षीच्या जूनमध्ये ‘अग्निपथ’ योजना जाहीर झाली आणि पुढे नौदल व हवाई दल यांनी वादकांची भरतीही ‘अग्निवीर’ म्हणून सुरू केली. मुदत चार वर्षे. शंभरांतले फार तर पंचवीस कायम होणार. उरलेल्यांच्या हाती, घोषणेनुसार, सुमारे ११.७१ लाख रुपये पडणार, आणि त्यातला जवळजवळ निम्मा भाग त्यांच्याच वेतनातून कापलेला. निवृत्तिवेतन नाही, ग्रॅच्युइटी नाही.

या योजनेचे समर्थन करताना सैन्य तरुण राहिले पाहिजे, असे सांगण्यात आले. लढणाऱ्या शिपायापुरता हा युक्तिवाद क्षणभर मान्य केला, तरी क्लॅरिनेट वाजविणाऱ्याला तो कसा लागू पडतो? स्वरलिपी वाचणे, पावलांची लय न मोडता चालता चालता वाजविणे, पन्नास वाद्यांत आपला स्वर मिसळणे, हे चार वर्षांत पुरते अंगी मुरत नाही. या विद्येला वेळ लागतो हे ओळखूनच १९५० मध्ये लष्करी संगीताचे विद्यालय स्थापन झाले. पचमढीचे लष्करी संगीत केंद्र ते हेच. वादक जेव्हा खऱ्या अर्थाने तयार होतो, नेमका तेव्हाच त्याला दार दाखवायचे, याला तारुण्याचे धोरण म्हणता येणार नाही. पंधरा वर्षांच्या सेवेनंतर शिपायाला मिळणारे निवृत्तिवेतन वाचविण्याचा हा हिशेब आहे, इतकेच.

यावर कोणी म्हणेल की युद्धकाळी वादकांना जखमींचे स्ट्रेचर वाहावे लागते, म्हणून ते तरुणच हवेत. हे तर अधिकच लाजिरवाणे! गोळीबारात शिरून जखमी बांधवाला उचलून आणणाऱ्याला म्हातारपणी पै मिळू नये, हा कोणता राष्ट्रवाद?

आझाद हिंद सेनेचे कॅप्टन रामसिंग ठाकुरी यांचा गौरव करताना आजचे राज्यकर्ते थकत नाहीत. धरमशालेजवळच्या खेड्यात १९१४ मध्ये जन्मलेला हा गोरखा शिपाई ब्रिटिशांच्याच पलटणीत संगीत शिकला. ‘कदम कदम बढाए जा’ला त्यांनी चाल दिली तेव्हा ते तिशीच्या घरात होते. स्वातंत्र्यानंतर उत्तर प्रदेशच्या सशस्त्र पोलीस दलाच्या बँडमध्ये त्यांनी वर्षानुवर्षे नोकरी केली. आजच्या नियमाने हाच माणूस पंचविशीच्या आत घरी बसला असता. फार तर लग्नसराईपुरता एखाद्या बँडपथकात उभा राहिला असता, आणि पावसाळ्यात तेही नाही.

गोव्यापासून मीरतपर्यंत कष्टकऱ्यांच्या कित्येक घरांत ही वाद्ये पिढ्यान्‌पिढ्या पोटाचे साधन झाली. मीरतच्या जळी कोठीतले कारागीर आजही पितळेची वाद्ये घडवितात. या मुलांना लष्कराचा बँड म्हणजे कायम नोकरीचा एक दुर्मीळ दरवाजा होता.

संरक्षण खात्याच्या मागण्या लोकसभेत येतील तेव्हा समाजवादी सदस्यांनी एवढे तरी विचारावे: वादकांना चार वर्षांची अट लावून सरकारचे नेमके किती रुपये वाचणार आहेत, आणि विजय चौकातल्या एका संध्याकाळीवर किती खर्च होतात?