काट्यावरचे वजन आणि कमरेचा दोरा

मळणी होऊन पोती मोजायला काटा आला की घरातली लहानथोर मंडळीही त्यावर एकदा उभी राहून घेतात. आकडा गेल्या वर्षाएवढाच दिसला की घरधनी समाधानाने खाली उतरतो. पण वाचकहो, पोत्यात दाणा किती नि काडीकचरा किती हे काट्याला कळत नाही. तसेच अंगात मांस किती नि चरबी किती हेही त्याला कळत नाही.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. यंत्राने चरबी मोजली, तर युडकिन यांच्या अंगात शेकडा ९.१ आणि याज्ञिकांच्या अंगात शेकडा २१.२! पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेल्या बाळांतही याज्ञिकांना हीच ठेवण आढळली. बाळे इंग्लंडच्या बाळांहून हलकी, मांस कमी, पण चरबी त्या मानाने राखलेली.

यात कुणाचा दोष नाही. मात्र ट्रॅक्टर आला, मोटारसायकल आली, चालणे गेले, नि चहातली साखर होती तेवढीच राहिली. हातपाय बारीक नि पोट पुढे, अशा माणसाला आपण जाड आहोत असे वाटतच नाही. मधुमेह नेमका अशांना गाठतो.

तेव्हा घरच्या घरी एक करा. न ताणणारा सुती दोरा घ्या. भिंतीला टाचा लावून उभे राहा आणि दुसऱ्याकडून डोक्यापासून जमिनीपर्यंत दोरा मापून तोडून घ्या. त्याची बरोबर मध्ये घडी घाला आणि तो दुहेरी दोरा पोटाभोवती फिरवा. टोके सहज जुळली तर ठीक. जुळत नसतील तर पोटात चरबी जास्त झाली असे समजा आणि रक्तातली साखर तपासून घ्या.

दोरा धरायचा तो शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर. इथेच बहुतेकांचे चुकते. पुरुष पायजम्याच्या नाडीवर माप घेतात, बायका परकराच्या नाडीवर. नाडी पोटाखाली सरकली की माप वीस वर्षांपूर्वीचेच भरते! सकाळी अनशापोटी, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजावे. टेप असेल तर पुरुषाला ९० आणि बाईला ८० सेंटिमीटर ही मर्यादा. गरोदर बाईने हे माप घेऊ नये.

दोरा चार बोटे अपुरा पडला, तर ती चार बोटे भरून काढणे हेच तुमचे लक्ष्य. किलो धरून बसू नका. रोज भराभर चालणे आणि अंगमेहनत सुरू केली की चरबी उतरते, मांस भरते, आणि काटा पुष्कळदा जागचा हलत नाही. तेवढ्यावरून निराश होऊन सोडून देणारे मी बरेच पाहिले आहेत. उलट, काही न करता वजन झरझर उतरू लागले तर आनंद मानू नका, डॉक्टरांना दाखवा.

प्रत्येकाचा दोरा वेगळा, सासूबाईंचा सुनेला चालायचा नाही. तो खुंटीला अडकवून ठेवा आणि महिन्यातून एकदा, सकाळी, त्याच जागी धरून पाहा.