घरातले विज्ञान : सेलवरचे कुलूप



फवारणीची औषधे कुलपात ठेवावीत, हे आपण सगळेच जाणतो. पण किल्ली बहुधा कपाटालाच लटकलेली असते! म्हणून हल्ली पुष्कळांचा ओढा विजेच्या कुलपाकडे आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्या थोरल्यानेही एक आणून बसवले. आठ पेन्सिल सेल एकामागे एक जोडले, १२ व्होल्ट झाले, आणि दार असे घट्ट बसले की ओढून निघेना. घरात कौतुक झाले. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला सूनबाई पडवीत आली, तर कपाट उघडे आणि नातू बाटलीपुढे उभा! नशीब, टोपण घट्ट होते.

दोष सेलचा नव्हता, निवडीचा होता. ही कुलपे दोन जातींची असतात. एक चुंबकाचे. वीज वाहते तोवरच ते दार धरून ठेवते; वीज संपली की दार मोकळे. आग लागली तर माणसे अडकू नयेत, म्हणून मोठ्या कचेऱ्यांत ते योग्य. पण ते ०.१ अँपिअर घेत असले तरी दिवसाला २.४ अँपिअर-तास होतात. चांगल्या पेन्सिल सेलात साठाच २ ते २.५ चा. एका दिवसात ते राम म्हणणारच.

दुसरे खिटीचे. खिटी स्प्रिंगच्या जोरावर बंद राहते. वीज फक्त उघडताना, सेकंदभर लागते. सेल संपले तरी दार बंदच. औषधांच्या कपाटाला हेच घ्यावे.

मात्र त्या सेकंदात ते साधारण १ अँपिअरपर्यंत वीज ओढते. छोटी चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी येथे चालत नाही. एवढा भार पडला की तिचा दाब बसतो आणि खिटी नुसती थरथरते. आठ अल्कलाइन पेन्सिल सेल घ्या; जुने-नवे मिसळू नका. बटण सोडताना आतली तारेची गुंडाळी उलटा झटका देते, म्हणून तिच्या दोन टोकांना एक डायोड जोडा, पट्टीची बाजू धन टोकाकडे. बटण दाबून धरू नका, गुंडाळी तापते.

सेलची डबी कपाटाबाहेर ठेवा. आत ठेवली आणि सेल संपले, तर बिजागऱ्या उखडण्याची पाळी! डबी आणि बटण दोन्ही पोरांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर हवीत.

दुकानदाराला आधी एवढेच विचारा : "वीज संपली तर दार उघडते, की बंद राहते?" किंमत त्यानंतर.