दस्तरखान : मांगूर घ्यावा की नाही?

‘मिशांचा, बिनखवल्यांचा मांगूर हलाल आहे का? आणि बाजारात स्वस्तात मिळणारा थाई मांगूर घ्यावा का?’ असे धुळ्याच्या एका भगिनीने विचारले आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. हनफी मसलकात मासा हलाल आहे. खवल्यांची अट नाही आणि जबह करण्याचीही नाही. जाफरी फिक्हमध्ये मात्र खवल्यांचाच मासा चालतो.

दुसरा प्रश्न नाजूक आहे. थाई मांगूर नावाने थाई असला तरी मूळचा आफ्रिकेचा. पाण्यात प्राणवायू कमी पडला तरी तो वरची हवा घेऊन जगतो, ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या पाण्यात जातो आणि तिथले लहान मासे फस्त करतो. पुरात तो गिरणेत किंवा पांझरेत उतरला, तर आपल्या भोई बांधवांच्या जाळ्यात काय उरेल? म्हणूनच केंद्र सरकारने 2000 साली त्याच्यावर बंदी घातली.

शिवाय खर्च वाचवण्यासाठी त्याला अनेक ठिकाणी कोंबडीची आतडी आणि सडके मांस घालतात. घाण खाणाऱ्या जनावराला फिक्हमध्ये ‘जल्लाला’ म्हणतात. अशी कोंबडी हजरत इब्ने उमर (रजि.) तीन दिवस बंद ठेवून मगच खात, असे सांगितले जाते. सूरह बकराच्या 168 व्या आयतीत हलालबरोबर ‘तय्यिब’, म्हणजे स्वच्छ आणि चांगले, हेही सांगितले आहे. आपण पहिला शब्द पाठ केला, दुसरा विसरलो.

दोष मिशांचा नाही. अमेरिकेत मिसिसिपी राज्यात चॅनल कॅटफिश हा मिशांचाच मासा तळ्यांत सोयाबीन-मक्याच्या खाद्यावर वाढवतात.

घेताना एवढे पाहा : देशी मांगूर लहान असतो, अर्ध्या किलोच्या पुढे क्वचितच जातो. मोठ्या चपट्या डोक्याचा, अंगावर राखाडी ठिपक्यांची नक्षी असलेला, किलोकिलोंचा मांगूर दिसला तर ‘गावठी आहे’ या शब्दावर विसंबू नका. त्यापेक्षा रोहू किंवा कटला घ्या.

शेवटी थोडे आपल्याच घरचे. कोंबडीची दुकाने आपल्यातल्या कित्येकांची आहेत. संध्याकाळी आतड्यांचा डबा कोण नेतो, कुठे नेतो, हे भाईजानला एकदा विचारा. चार पैसे मिळतात म्हणून तो अशा तळ्यावर जात असेल, तर विकणाऱ्यालाही आपल्या रोजीचा हिशेब द्यावाच लागेल.