सांध्याशेजारचा गंज

वजूसाठी असो वा गच्चीवर, स्टीलची टाकी गंजू नये म्हणून आपण जास्त पैसे मोजतो. तरी कधी वेल्डिंगच्या कडेला तांबूस रेघ उमटते. तिचं एक कारण धातूच्या आत असतं.

अखंड दिसणारा धातू कणांचा बनलेला असतो; गॅल्व्हनाइज्ड बादलीवरची फुलं म्हणजे जस्ताचे कणच. सांध्याजवळचं स्टील साधारण 450 ते 850 अंश सेल्सिअसमध्ये फार वेळ राहिलं, तर कणांच्या सीमांवर कार्बन क्रोमियमला बांधून टाकतो. गंज रोखणारं क्रोमियम तिथं कमी पडतं आणि गंज सीमांमधून आत शिरतो. जाड पत्रा हळू निवतो, म्हणून त्याला धोका अधिक.

तेव्हा वेल्डिंगची टाकी बनवून घेताना आपण 304 एल मागू या. त्यात कार्बन 0.03 टक्क्यांच्या आतच असतो. बिलावरही तसं लिहून घेऊ या.