धर्मादा कुणाच्या खिशातला?

गेल्या महिन्यात आम्ही खेडला गेलो होतो. रत्नागिरी जिल्ह्यातले खेड, जगबुडी नदीच्या काठचे. आपल्यासारखी कपाशी-ज्वारीची कोरडवाहू राने तिथे नाहीत. खाचरात भात, वरकस जमिनीवर नाचणी आणि पाऊस इतका की आपल्याकडच्या माणसाने हेवा करावा. याच तालुक्यात मुंबई-गोवा रस्त्याला लोटे-परशुरामची रासायनिक वसाहत आहे आणि जवळच लवेलला घरडा फाउंडेशनचे अभियांत्रिकी महाविद्यालय. ते २००७ साली सुरू झाले. केकी घरडा रसायनशास्त्रातले जाणते उद्योजक, कीटकनाशके हा त्यांच्या कंपनीचा मोठा धंदा. म्हणजे गिऱ्हाईक आपणच.

महाविद्यालय झाले हे चांगलेच झाले. गावातली पोरे इंजिनिअर होतात यात कुणाला वाईट वाटेल? पण तिथल्या शेतकऱ्यांशी बोलताना दानाची गोष्ट फार वेळ टिकत नाही, पाण्यावर येते. वसाहतीच्या सांडपाण्याबद्दल दाभोळ खाडीतले मच्छीमार वर्षानुवर्षे तक्रार करीत आले आहेत. तो एका कारखान्याचा प्रश्न नाही, साऱ्या वसाहतीचा आहे. एका म्हाताऱ्याने आम्हाला विचारले, "सायेब, कंपनी दान देते म्हणजे कुणाचं देते?"

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. बाजारात कापूस नेला की हमाली, तोलाई, कटती यांच्या जोडीला पट्टीवर 'धर्मादा' लागायचा. गोरक्षणाला, पांजरपोळाला, धर्मशाळेला. पैसा शेतकऱ्याचा, पाटी शेटजींच्या नावाची! मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा १९५० सालचा. त्याच्या ५४ व्या कलमात या धर्मादाचे नाव घेऊन लिहिले आहे की, ज्याने तो गोळा केला तो त्या पैशाचा मालक नव्हे, विश्वस्त आहे, आणि त्याने धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीला हिशेब दिला पाहिजे. किती अडत्यांनी दिला, हे तुम्हीच आठवून पाहा.

आता मोठ्या कंपन्यांचे दान त्यांच्या मर्जीवर राहिलेले नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक गाठणाऱ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकामावर खर्च करायला लावले. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू झाले. कंपनीचे संचालक धोरण ठरवतात, कामे मंजूर करतात, पैसा स्वतः खर्चतात किंवा संस्थेमार्फत देतात आणि वार्षिक अहवालात हिशेब छापतात. जिथे कंपनी काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही कलमात आहे. जमीन-पाण्याचे संवर्धन आणि ग्रामविकास मंजूर कामांच्या यादीत आहेत. म्हणजे बांधबंदिस्ती, नाल्यातला गाळ काढणे, पाणलोटाची कामे यांत बसतात.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय बसत नाही. दुसऱ्या कायद्याने जे करणे बंधनकारकच आहे, ते दान म्हणून दाखवता येत नाही. कारखान्याने आपले सांडपाणी शुद्ध करणे हे दान नव्हे, हे खेडच्या लोकांनी छातीठोकपणे सांगावे. मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेला पैसाही चालत नाही. बियाणे-औषधांच्या मेळाव्यात आपल्या डोक्यावर चढणाऱ्या टोप्या, पिशव्या आणि जेवणावळी आठवा. आम्ही कृषी पदवीधर, एके काळी अशा मेळाव्यांत भाषणेही केली आहेत. तेव्हा आम्हाला तो विस्तारकार्याचा भाग वाटे! तो विक्रीचा खर्च होता.

२०२१ पासून आणखी एक मेख आहे. चालू प्रकल्पाशी न जोडलेली रक्कम वर्षात खर्च झाली नाही, तर सहा महिन्यांत ती सरकारी निधीत जाते. मार्च जवळ आला की कंपन्यांचे अधिकारी कामे शोधत फिरतात, ते यामुळे. तेव्हा त्यांच्या हातात तयार काम ठेवणारे गाव पुढे जाते, न ठेवणाऱ्या गावाला बाकडी आणि रंगवलेली भिंत मिळते.

दोन टक्क्यांनी भावाचा प्रश्न सुटणार नाही, हे आम्ही शंभरदा सांगू. क्विंटलमागे मारलेला पैसा नाल्याच्या बांधात परत येत नाही. पण कायद्याने बाहेर पडणारा पैसा दुसऱ्याच्या भिंतीवर जाऊ देण्यात कसली बाणेदारी?

आपल्याही उत्पादक कंपन्या आता उभ्या राहिल्या आहेत. कायद्याने त्यांना सर्वसाधारण सभेत विशेष ठराव करून मागील वर्षाच्या निव्वळ नफ्याच्या ३ टक्क्यांपर्यंत सभासदांच्या वा जनतेच्या कल्याणासाठी देणगी देता येते. राजकीय पक्षाला छदामही नाही. नफाच नसेल तर प्रश्न मिटला, पण जिथे आहे तिथे आपले संचालक सभेला न विचारता देवळाच्या कळसाला चेक देत असतील, तर आपल्यात आणि शेटजींत फरक काय राहिला?

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने एका कामाचा ग्रामसभेचा ठराव आणावा. जागेचा गट नंबर, अंदाजपत्रक आणि नंतर देखभाल कोण करणार हे त्यात असावे. काम संस्थेमार्फत होणार असेल तर ती संस्था तसे काम किमान तीन वर्षे केलेली आणि 'सीएसआर-१' अर्ज भरून नोंदलेली लागते, हे आधी तपासा. आणि ज्यांच्या घरी धर्मादा लावलेल्या जुन्या पट्ट्या असतील, त्यांनी त्याही आणाव्यात.