शेतीच शिकायची, तर अकोल्याला कशाला?

बाभुळगावच्या एका भगिनींनी विचारलं आहे : "मुलगी यंदा बारावी सायन्सला. तिला अकोल्याला बी.एस्सी. कृषी करायचंय. मामंजी म्हणतात, शेतीच शिकायची तर घरचं वावर काय वाईट? त्यांना काय सांगू?"

ताई, आधी मामंजींनाच विचारा, १९६७ साल आठवतं का? विदर्भाला कृषी विद्यापीठ मिळावं म्हणून तेव्हा आंदोलन पेटलं, माणसांचे जीव गेले. राज्याचं पहिलं कृषी विद्यापीठ १९६८ साली राहुरीला झालं आणि अकोल्याचं २० ऑक्टोबर १९६९ला. देशाचे माजी कृषिमंत्री डॉ. पंजाबराव देशमुख आपल्या वऱ्हाडातल्या पापळचे. त्यांचंच नाव विद्यापीठाला आहे.

अशा विद्यापीठांची मूळ कल्पना अमेरिकेतली. तिथं १८६२च्या कायद्यानं राज्यांना सरकारी जमीन मिळाली. ती विकून आलेल्या पैशातून शेतकरी-कामगारांच्या मुलांसाठी कॉलेजं निघाली. त्याच धर्तीवर आपल्याकडे १९६०मध्ये पंतनगरला पहिलं कृषी विद्यापीठ सुरू झालं. शिकवणं, संशोधन करणं आणि ते शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेणं, अशी तिन्ही कामं या विद्यापीठांनी करायची असतात.

अकोल्याचं काम आपल्या स्वयंपाकघरापर्यंतही पोचलंय बरं का! 'पीकेव्ही मिनी दाल मिल' तिथलीच. तूर तशीच विकण्यापेक्षा गावातच डाळ केली, तर चार पैसे जास्त सुटतात. कित्येक बचत गटांनी हा धंदा धरला आहे.

पण नुसतं कौतुक करून भागायचं नाही. एवढं विद्यापीठ असूनही आपल्या यवतमाळ जिल्ह्याचं नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांपायी पेपरात येतं. भाव, पाऊस, कर्ज हे सारं काही विद्यापीठाच्या हातात नाही. तरी शिकलेलं बांधापर्यंत पोचवणारी माणसं कमी पडतात, हेही खरंच. मग आपल्याच मातीतली, आपलीच बोली बोलणारी मुलगी त्यात का नसावी?

आता व्यवहाराचं. कोर्स चार वर्षांचा, प्रवेश सीईटीवर. कॉलेज विद्यापीठाचं स्वतःचं की खाजगी, हे आधी पाहा. फीमध्ये बराच फरक पडतो. मुलींच्या वसतिगृहाची चौकशी स्वतः जाऊन करा. शेवटच्या वर्षी विद्यार्थ्यांना खेड्यात राहून शेतकऱ्यांबरोबर काम करावं लागतं, हे मामंजींना मुद्दाम सांगा.

आणि जमलं तर त्यांना विद्यापीठाच्या शिवार फेरीला घेऊन जा. तिथली पिकं पाहून तेच नातीची बाजू घेतील!