पहिल्या सलाइनच्या आधी

तेरेखोलच्या तरुणाला बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय (गोमेकॉ) गाठायचे तर आधी केरीची फेरीबोट, मग म्हापशाचा रस्ता. वृषणाच्या कर्करोगाचा किंवा हॉजकिन लिम्फोमाचा रिपोर्ट हाती येईपर्यंत अशा खेपांनी घर किती मेटाकुटीला येते, हे पेडणे-सावंतवाडी पट्ट्यात दवाखाना चालवणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. औषधे, खर्च, केस गळणे, सगळे समजावले जाते. ‘पुढे मूल हवे असेल तर वीर्य गोठवून ठेव,’ हे मात्र राहून जाते.

‘वेळ नव्हता’ हे कारण टिकणारे नाही. एक-दोन दिवसांच्या अंतराने दोन-तीन नमुने घेता येतात. एकच मिळाला तरी चालतो. १९९२ पासून इक्सी तंत्रामुळे एका बीजांडाला एक जिवंत शुक्रजंतू पुरतो. उणे १९६ अंशांवर तो वर्षानुवर्षे टिकतो. पण नमुना पहिल्या केमोच्या आधीच घ्यायला हवा, वृषण काढायचे असेल तर शक्यतो शस्त्रक्रियेच्याही आधी. या दोन्ही आजारांत शुक्रसंख्या निदानाच्या वेळीच अनेकदा घटलेली असते. सायक्लोफॉस्फामाइडसारखी औषधे मोठ्या मात्रेत गेल्यावर ती सावरेलच, अशी हमी कोणीही देऊ शकत नाही.

आणि विचारायचे कसे? एकोणीस वर्षांच्या पोराला बाबा आणि मामांसमोर विचारले, तर तो मान खाली घालून ‘नको’ म्हणणारच. नातेवाइकांना पाच मिनिटे बाहेर बसवा, मग विचारा.

संमतिपत्राचीही घाई नको. मुंबईत केमोच्या काळात वीर्य गोठवलेल्या एका अविवाहित तरुणाने ‘मृत्यूनंतर नमुना नष्ट करावा’ हा पर्याय निवडला होता. तो गेल्यावर आई न्यायालयात गेली आणि जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सुनावणी होईपर्यंत नमुना जपून ठेवण्याचा आदेश दिला. तरुणाचा निर्णय तसा का होता, हे आता त्याला विचारता येत नाही. म्हणून मृत्यूनंतर नमुन्याचे काय करायचे, हा संमतिपत्रातला रकाना रुग्णाला शांतपणे वाचून दाखवणे, विचाराला एक रात्र देणे, हे समुपदेशकाइतकेच आपलेही काम आहे.

गोमेकॉत २०२३ पासून वंध्यत्वावर मोफत उपचारांचे केंद्र आहे. कर्करोग विभागाने पहिल्याच दिवशी त्या केंद्राशी बोलावे, आणि तालुक्याच्या डॉक्टरांनी बांबोळीला धाडताना चिठ्ठीवर एक ओळ जास्त लिहावी: ‘केमोपूर्वी वीर्य साठवण्याबद्दल रुग्णाशी बोलणे झाले आहे.’